सांतानाची इगर्ज (तळावली, तिसवाडी) : तिला ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणावं का?

कातळवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पणजी-मडगाव रस्त्यानं मी कित्येक वर्षं ये-जा करतोय. गोवा वेल्हा, पिलार, आगशी, मग जुवारीचा पूल. या रस्त्याला सोडून थोडं आत गेलं की तळावली गाव लागतं आणि तिथे सांत आनाची इगर्ज (म्हणजे चर्च) उभी आहे, हे मला यंदाच्या जुलैपर्यंत ठाऊक नव्हतं. सांत आना म्हणजे मारियेची आई, येशूची आजी. गोव्यात सगळे नुसतं ‘सांताना’ म्हणतात.

पाऊस मी म्हणत होता. दोन्ही बाजूंना लावणी झालेली शेतं, माड, कौलारू घरं, आणि वळण घेतल्यावर एकदम समोर पाच मजल्यांचा पांढरा दर्शनी भाग, दोन्ही अंगांना चौकोनी मनोरे. एवढ्याशा गावात एवढी इमारत! जुन्या गोव्यात अशा इमारती बघायची डोळ्यांना सवय असते. इथे भाताच्या हिरव्या रंगातून ती उगवल्यासारखी वाटते. मी छत्री मिटवून दारात अर्धा तास उभा होतो.

परत आल्यावर वाचत बसलो. बांधकाम सुरू झालं १६८२ मध्ये, पूर्ण झालं १६९५ मध्ये. सुरू केलं फ्रान्सिस्कु दु रेगु या गोमंतकीय पाद्र्यानं. तो १६८९ मध्ये वारला आणि उरलेलं काम आंतोनियु फ्रान्सिस्कु द कुन्या या पाद्र्यानं तडीस नेलं.

ही सालं पुन्हा एकदा बघा. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराज याच तिसवाडीतल्या जुव्याच्या बेटावर उतरले होते. त्याआधी पोर्तुगिजांचा विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला होता आणि मार खाऊन परतला होता. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुव्याचा कोट घेतला. दुसऱ्या दिवशी तो सोडवायला आलेला विजरई स्वतः जखमी झाला आणि कसाबसा निसटला. मग त्यानं सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून गाऱ्हाणं घातलं, हा प्रसंग आपल्याकडे बऱ्याच जणांनी वाचलेला असेल. डिसेंबरात मराठी फौजा बारदेश आणि साष्टीत होत्या. जानेवारीत शहाआलमच्या मोगली फौजेमुळे महाराजांना माघारी फिरावं लागलं.

त्या धामधुमीच्या वर्षांत तळावलीत या भिंती चढत होत्या. खुद्द राजधानी साथींनी ओस पडत चालली होती. ती उचलून मुरगावला न्यायचा घाट याच विजरईनं घातला होता. पोर्तुगीज सत्तेचा पैसा आटला, माणसं घटली, आणि नेमक्या त्याच काळात एका गावात एवढी भव्य इगर्ज उभी राहते. लिस्बनहून हे आलेलं नाही. हे गावानं आणि गावच्या पाद्र्यांनी केलेलं आहे. म्हणून मला वाटतं, गाडीतून बोट दाखवत आपण ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतो तेव्हा ज्यांनी ती बांधली त्यांचंच नाव पुसतो.

जाणकारांनी भर घालावी. वास्तूबद्दल विशेष ऐकायला आवडेल.

---

तिसवाडची_माहेरवाशीण

कातळवाट दादा, माझ्या गावावर धागा बघून डोळ्यांत पाणी आलं. माझं माहेर तिथून चालत जाण्याइतकं जवळ. लग्नानंतर सोळा वर्षं पुण्यात आहे, म्हणून मराठीत लिहिते. चूक झाली तर सांभाळून घ्या.

तुम्ही जुलैत गेलात पण फेस्ताबद्दल काहीच लिहिलं नाहीत! सांत आनाचा सण २६ जुलैला. त्या सुमाराला जे फेस्त होतं त्याला आम्ही ‘तवशांचें फेस्त’ म्हणतो. तवसं म्हणजे मोठी काकडी. तुमच्या कोकणात पण तवसंच म्हणतात ना? माझ्या सासूबाई मालवणच्या, त्या तवसाळी करतात आणि माझी आई पण करायची. गूळ, रवा, खोबरं, किसलेलं तवसं, हळदीच्या पानात.

मूल होत नाही असं जोडपं सांत आनाला तवसं वाहतं. कारण ती स्वतः म्हातारपणी आई झाली. जुनं गाऱ्हाणं पोर्तुगीजमध्ये आहे : ‘सेन्योरा, तोमाय पेपीनु, दाय-मी मेनीनु.’ बाई, काकडी घे, मला बाळ दे. पेपीनु आणि मेनीनु, यमक जुळतं म्हणून काकडी. लग्न जमावं म्हणून मुलगे लाकडी डवली आणतात, तिथे ‘कोल्येर’ आणि ‘मुल्येर’ जुळतं, म्हणजे पळी घे आणि बायको दे. मुली उडीद आणतात, कारण ‘उरीद’ला ‘मारीदु’ जुळतो. उडीद हा आपला शब्द आणि नवरा पोर्तुगीज, दोन्ही एका ओळीत बसले.

हिंदू बायका पण येतात, पूर्वीपासून येतात. रांगेत कोणी कोणाला विचारत नाही. माझ्या आईला सात वर्षं मूल नव्हतं. तिनं तवसं वाहिलं होतं. माझं मधलं नाव आना आहे ते त्यामुळे.

गावात अशी गोष्ट सांगतात की डोंगरावरून एक म्हातारी काठी टेकत खाली आली आणि म्हणाली, मी इथेच राहायला आले आहे. आम्ही लहानपणी पावसात त्या उतरणीवर ती परत दिसते का म्हणून बघत बसायचो.

एक कामाची सूचना : फोंडा तालुक्यात पण तळावली आहे, दुर्भाटजवळ. फोनवर नकाशा लावून जाणारे लोक हमखास तिकडे पोचतात. शोधताना ‘सांताना’ आणि ‘गोवा वेल्हा’ असं टाका.

---

ओसरी

सुंदर धागा. या इगर्जीच्या भिंती पोकळ आहेत आणि आतून माणूस चालत जाऊ शकतो असं ऐकलं होतं. खरं आहे का? आणि असल्या तर कशासाठी?

---

चुनागच्ची

@ओसरी, खरं आहे. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या क्षेत्रात काम करते, सांताना दोनदा सावकाश पाहिली आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण या भिंतींमध्येच तिची सगळी हुशारी आहे.

गोव्यातल्या बहुतेक गावच्या इगर्जींमध्ये मुख्य दालनावर लाकडी वासे आणि कौलं असतात, पक्की कमानछत फक्त वेदीच्या वर. सांतानामध्ये कमानछतीचा पसारा मोठा आहे. पिंप उभं चिरून पालथं घातल्यासारखी ही छत असते. दिसायला देखणी, पण ती सतत दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर ढकलत राहते. युरोपात हा रेटा पेलायला बाहेरून धीरे देतात, म्हणजे भिंतीला टेकलेले जाड पाये. इथे भिंतच दुहेरी केली आहे. आतली आणि बाहेरची भिंत, मध्ये आडव्या भिंती, आणि त्यांच्यामधल्या पोकळीत वाट. रेटा या आडव्या भिंती घेतात. पोकळीतल्या जागा कबुलीजबाबासाठी वापरल्या. पाद्री आतल्या वाटेनं येऊन बसणार, कबुली देणारा दालनाच्या बाजूनं गुडघे टेकणार. लोकांच्या डोळ्यांसमोर लाकडी खोका ठेवायची गरजच नाही. भार पेलण्याचं काम आणि विधीचं काम एकाच भिंतीत बसवणारा माणूस नकाशे बघून नक्कल करणारा नव्हता.

आता दर्शनी भाग. हा बघताना जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मनोरा आठवा. आज तिथे एकच तुटका मनोरा आहे, ४६ मीटर उंच. ती ऑगस्टिनियन पंथाची इगर्ज १६०२ च्या सुमारास झाली. १८३५ मध्ये मठ बंद झाले, १८४२ मध्ये तिची छत कोसळली आणि दर्शनी भाग १९३१ मध्ये पडला. तिचंही तोंड असंच पाच टप्प्यांचं, दोन्ही बाजूंना मनोरे घेतलेलं होतं. म्हणजे ऑगस्टिनची इगर्ज कशी दिसत असेल याचा अंदाज घ्यायचा तर तळावलीला जावं. मोठ्या मठाचा आराखडा गावच्या मापात आणला, पण आणताना त्यावर शंख-शिंपल्यांची नक्षी, शिखरांसारखे टोकदार कळस आणि कठडे असं स्वतःचं काहीबाही चढवत नेलं.

ही नक्षी चुन्यात का आहे, दगडात का नाही? कारण चिरा, म्हणजे जांभा दगड. तो खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, भिंतीला उत्तम. पण त्याला भोकंच भोकं, बारीक कोरीव काम त्यात टिकत नाही. मग दोन पर्याय उरतात. पैसा असेल तर बाहेरून काळा दगड आणायचा, नसेल तर गवंड्याच्या थापीवर भरवसा ठेवायचा आणि चुन्यात घडवायचं. गावच्या इगर्जींनी दुसरा मार्ग धरला आणि त्यातूनच गोव्याची स्वतःची घडण तयार झाली. सांतानातले ते शंखाकृती कोनाडे बघताना मला नेहमी वाटतं की हे हात मूर्ती आणि मखरं घडवणाऱ्या घरांतले होते.

---

पाणथळ

चुनागच्ची ताई, तो ‘बाहेरून आणलेला काळा दगड’ आमचा, वसईचा! जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू इगर्जीच्या दर्शनी भागातली कोरीव कामं वसईहून नेलेल्या दगडात आहेत. आमचे आजोबा वसई किल्ल्यातल्या पडक्या कमानी दाखवून म्हणायचे की हा दगड समुद्रानं गोव्याला गेला.

मी वसईचा कॅथलिक. आमच्याकडे मिस्सा (इगर्जीतली मुख्य प्रार्थना) मराठीत होते, तळावलीत कोकणीत. १५३४ मध्ये बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. किल्ल्यातल्या इगर्जी त्यानंतर ओस पडल्या, घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात १७२१ साल कोरलेली घंटा आहे, भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. मी नारोशंकराला मुद्दाम जाऊन ती पाहिली. पुजाऱ्यांनी वाजवू दिली. तो आवाज ऐकताना जे वाटलं ते सांगता येत नाही. आपलंच कोणीतरी दुसऱ्या घरी नांदत असल्यासारखं.

म्हणून धाग्याच्या नावाबद्दल एवढंच म्हणेन. शाळेत इतिहासाच्या तासाला ‘पोर्तुगिजांचे चर्च’ असं आलं की वर्गातली मुलं माझ्याकडे बघायची. माझ्या घरात पोर्तुगीजचा एक शब्द कोणाला येत नाही.

---

सह्यवाट

धागा वाचनीय आहे, वास्तूचं वर्णनही आवडलं. पण एक गोष्ट इथे कोणी बोललं नाही. तिसवाडीतली देवळं १५४० च्या दशकात पाडली गेली, साष्टीतली १५६० च्या दशकात. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, दिवाडीचा सप्तकोटेश्वर, सगळ्यांना खाडी ओलांडून पळावं लागलं. १५६० मध्ये इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) आलं, मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. ज्या कोंद द आल्व्होरचा उल्लेख वर आहे, त्यानंच १६८४ मध्ये हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. इगर्जीचं काम सुरू असतानाच. अशा काळातल्या इमारतीला ‘गावानं स्वतःहून बांधलेली’ म्हणताना माझा हात अडखळतो. माझं कुळ त्याच भागातून बाहेर पडलेलं आहे. आमची कुलदेवता आजही खाडीच्या पलीकडे आहे.

---

कातळवाट

सह्यवाट, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि मी ते पहिल्याच पोस्टमध्ये मांडायला हवं होतं. सप्तकोटेश्वराला नार्व्यात पुन्हा उभं करायला १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी हात घातला, तो शिलालेख मी पाहिला आहे. दिवाडीला पिएदादीच्या टेकडीवर स्मशानातल्या छोट्या कपेलमध्ये (प्रार्थनाघरात) कदंबकाळातलं कोरीव छत अजून शाबूत आहे. ते बघून कोणाच्याही घशात आवंढा येईल.

तरीही माझा मुद्दा मी सोडत नाही, फक्त जरा नीट मांडतो. १६८२ मध्ये तळावलीतल्या माणसांच्या तीन-चार पिढ्या ख्रिस्ती म्हणून जन्मल्या होत्या. त्यांना पोर्तुगीज राज्यात दुय्यमच स्थान होतं. पंथांचे मठ गोऱ्यांच्या ताब्यात, गोमंतकीय पाद्र्यांना तिथे दार बंद. सेंट जुझे व्हाज घ्या. साष्टीतला जन्म, १६५१ चा. त्यानं १६८५ मध्ये जुन्या गोव्यात गोमंतकीय पाद्र्यांच्या मंडळाची घडी बसवली आणि १६८७ मध्ये तो श्रीलंकेत गेला. तळावलीच्या भिंती त्याच दशकात वर येत होत्या. ‘आम्हालाही येतं, तुमच्याइतकंच येतं’ हे सांगायची ती एकच पिढी होती. कोणी ते प्रवचनानं सांगितलं, कोणी चुन्या-चिऱ्यानं.

आणखी एक दुवा : आंतोनियु जुआंव द फ्रियास हा पाद्री तळावलीचाच, जन्म १६६४ चा. म्हणजे सांतानाचं काम सुरू झालं तेव्हा अठरा वर्षांचा. पुढे दिवाडीची पिएदादीची इगर्ज त्यानं आखली. आपल्या गावात रोज चढणारी भिंत बघत तो मोठा झाला. या मंडळींमध्ये जातीचा ताठा होता, हेही खरं. याच फ्रियासनं १७०२ मध्ये लिस्बनला ब्राह्मणांच्या थोरवीवर ग्रंथ छापला. बाटल्यानंतरही जात सुटली नव्हती.

खाडीच्या पलीकडची गोष्टही याला जोडलेली आहे. कवळ्याच्या शांतादुर्गेचं आजचं देऊळ शाहू महाराजांच्या काळातलं, १७३८ च्या सुमाराचं. त्याचे घुमट, अर्धगोल कमानींच्या खिडक्या, भिंतीतले अर्धस्तंभ बघा आणि मग सांताना बघा. तुमच्या कुलदेवतेचं घर आणि या ताईंच्या सांत आनाचं घर बांधणाऱ्या हातांचं वळण एकच आहे. मला तरी यात दोघांचीही हार दिसत नाही.

---

सह्यवाट

कवळ्याच्या देवळाकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं. तिथे दरवर्षी जातो. पुढच्या वेळी खिडक्या बघेन. ‘बाटल्यानंतर’ हा शब्द मात्र इथे नको, वाचणाऱ्यांत ताई आणि पाणथळ आहेत.

---

कातळवाट

बरोबर. चुकलो, माफ करा. प्रतिसाद बदलता येत नाही म्हणून इथे लिहितो : ‘धर्म बदलल्यानंतर’ असं वाचावं.

---

ओसरी

एक शंका. मी गेले तेव्हा भिंतींवर काळे डाग आणि शेवाळ होतं. एवढी जुनी वास्तू, दरवर्षी रंग का देत नाहीत? सिमेंटनं एकदाच पक्कं करून टाकलं तर?

---

चुनागच्ची

@ओसरी, कृपया नको! हे मी हात जोडून लिहिते आहे, कारण असं ‘एकदाच पक्कं’ केल्यामुळे हातच्या गेलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत.

चिरा पाणी पितो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चुन्याचा गिलावा पावसाचा मारा स्वतःवर घेतो, आत गेलेली ओल उन्हाळ्यात बाहेर सोडतो, आणि हे करता करता स्वतः झिजतो. झिजणं हेच त्याचं काम आहे. म्हणून दर काही वर्षांनी चुना काढायचा, नवा द्यायचा. सिमेंट ओल बाहेर येऊ देत नाही. पाणी आत कोंडतं, क्षार फुगतात, आतला चिरा भुसभुशीत होतो आणि बाहेरून सगळं छान दिसत राहतं. जेव्हा कळतं तेव्हा गिलाव्याबरोबर हातभर भिंत खाली येते.

गिलावाच नसेल तर काय होतं ते बॉम जेझूला बघा. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुविशारदानं तिचा बाहेरचा गिलावा खरवडून काढला, इमारत जुनी दिसावी म्हणून. आज पर्यटक त्या लाल चिऱ्याचे फोटो काढतात आणि तेच तिचं मूळ रूप समजतात. ती पांढरी होती. उघडा चिरा तेव्हापासून दर पावसाळ्यात झिजतो आहे.

सांतानाची अवस्था विसावं शतक संपता संपता फार वाईट झाली होती. जागतिक स्मारक निधीनं धोक्यातल्या वास्तूंची २००० सालची यादी काढली तिच्यात तिचं नाव होतं. त्यानंतर दुरुस्तीची कामं झाली म्हणून आज ती उभी दिसते. पण गिलाव्याची निगा हे एकदा करून संपणारं काम नाही. चुना भट्टीतून आणून विझवायचा, खड्ड्यात मुरवायचा, मग वापरायचा. वाड्यांच्या कामात आम्ही त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालतो. गोव्यात पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजत. हे जाणणारे गवंडी आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. एकदा एका गावी (कुठलं ते सांगत नाही) मी आठवडाभर समजावलं, सगळ्यांनी मान डोलावली, आणि महिन्यानं गेले तर नक्षीवर सिमेंट थापलेलं. शंखाच्या कडा बुजून त्याचा गोळा झाला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेवाळाची एवढी काळजी नको. पावसाळ्यात येतं, उन्हात वाळतं.

---

पाणथळ

ऑगस्टिनची घंटा पणजीच्या इगर्जीत आहे ना? आमच्या घंटांवरून आठवलं.

---

चुनागच्ची

हो. मठ पडल्यावर ती आधी आग्वाद किल्ल्याच्या दीपस्तंभाला होती, १८७१ मध्ये पणजीच्या चौकातल्या इगर्जीवर चढवली. तो मधला उंच भाग तिच्यासाठीच वाढवला. पणजीत संध्याकाळी जो घुमणारा आवाज येतो तो तिचा.

---

तिसवाडची_माहेरवाशीण

सगळं दोनदा वाचलं. भाऊ गावात असतो, त्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, पोकळ भिंतीतल्या वाटेत आम्ही लपाछपी खेळायचो ते पण लिही. आणि पाद्रीबाबनं पकडलं की ओरडायचा नाही, घंटेची दोरी ओढायला लावायचा.

सह्यवाट दादा, तुमचं लिहिणं मला टोचलं नाही. आमच्या घरी पण जुनं कुळाचं आडनाव अजून सांगतात. आजी मरेपर्यंत तुळशीपाशी उभी राहून क्रूस करायची.

पुढच्या जुलैत मी माहेरी असेन. कोणाला यायचं असेल तर फेस्ताच्या सकाळी लवकर या, पहिल्या मिसेला. नऊनंतर गाड्या लावायला जागा मिळत नाही आणि चांगली तवशी संपतात.